साबुरो साकाई : चौसष्ट या आकड्याआडचा वैमानिक

१/
७ ऑगस्ट १९४२. सॉलोमन समुद्रावरून एक जपानी लढाऊ विमान वायव्येच्या दिशेने एकटेच चालले होते. वैमानिकाच्या डोक्याला खोल जखम होती, उजवा डोळा निकामी झाला होता आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली होती. समोरची काच फुटल्याने वारा थेट तोंडावर येत होता. तळ सुमारे १,०४० किलोमीटर दूर, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराहून थोडासाच जवळ. ४ तास ४७ मिनिटांनी ते विमान राबाउलच्या धावपट्टीवर उतरले. वैमानिकाचे नाव होते साबुरो साकाई.

२/
या एका उड्डाणाने साकाईला दंतकथेत नेऊन बसवले. पुढे त्याच्या नावामागे ‘६४ विमाने पाडणारा’ हे बिरुद कायमचे चिकटले. तो आकडा कितपत खरा, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. असे वैमानिक घडवणारे जपानचे नौदल अवघ्या तीन वर्षांत कुशल वैमानिकांना पारखे का झाले? साकाईच्या कारकिर्दीत दोन्ही प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत.

३/
साकाईचा जन्म ऑगस्ट १९१६ मधला, क्यूशू बेटावरील सागा प्रांतातला. घराणे स्वतःला सामुराईंचे वंशज म्हणवी, पण वंशपरंपरेने पोट भरत नव्हते; घर चालत होते ते तुटपुंज्या शेतीवर. ‘साबुरो’ म्हणजे तिसरा मुलगा. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले आणि सात मुलांचा भार एकट्या आईवर आला. टोकियोतील एका नातेवाइकाने त्याला शिक्षणासाठी नेले, परंतु तो अभ्यासात मागे पडला आणि मान खाली घालून गावी परतला. अपयशाची ती बोच घेऊनच त्याने नौदलाची वाट धरली.

४/
३१ मे १९३३ रोजी, सोळाव्या वर्षी, तो सासेबोच्या नौदल तळावर साधा खलाशी म्हणून भरती झाला. तेथील शिस्तीचे दुसरे नाव मार होते. क्षुल्लक चुकीसाठी जाड दांडक्याने फटके बसत. फटका खाताना कोणी कण्हला तर शिक्षा साऱ्या तुकडीला होई. पुढे किरिशिमा आणि हारुना या युद्धनौकांवर त्याने तोफखान्यात काम केले. विमाने त्याला दिसत ती डेकवरून, दूर आकाशात.

५/
नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात खलाशांमधून होणारी निवड अत्यंत कठोर असे. साकाईच्या आठवणींनुसार त्याच्या वेळी दीड हजार अर्जदारांतून ७० जण निवडले गेले आणि शेवटपर्यंत टिकले ते २५. कुस्तीत हरलेल्याला घरी पाठवणे, खांबाला एका हाताने लटकत ठेवणे, पाण्याखाली श्वास रोखायला लावणे, भर दिवसा आकाशात तारे शोधायला लावणे, अशा परीक्षांची वर्णने त्याने केली आहेत. १९३७ मध्ये तो आपल्या वर्गात पहिला आला आणि सम्राटाच्या नावाने दिले जाणारे चांदीचे घड्याळ त्याला मिळाले.

६/
या पद्धतीतून बाहेर पडणारा वैमानिक जगातील सर्वोत्कृष्टांपैकी एक असे, यात शंका नाही. पण हजारातून मोजकेच निवडायचे आणि बाकीचे टाकून द्यायचे, हे गणित छोट्या, झटपट संपणाऱ्या युद्धासाठीच ठीक होते. युद्ध लांबले, माणसे पडू लागली, तर त्यांची जागा कोण घेणार? १९३७ मध्ये हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. त्याचे उत्तर द्यायची वेळ पाच वर्षांनी आली.

७/
साकाई लढायला शिकला तो चीनमध्ये. १९३७ पासून जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले होते. ५ ऑक्टोबर १९३८ रोजी हांकोऊवर त्याने पहिले विमान पाडले. वर्षभराने, ३ ऑक्टोबर १९३९ रोजी, चीनच्या बाजूने लढणाऱ्या सोव्हिएत बनावटीच्या बॉम्बफेकी विमानांनी हांकोऊचा तळ उद्ध्वस्त केला, तेव्हा जखमी साकाईने धावत जाऊन एक विमान हवेत नेले आणि एकट्याने त्यांचा पाठलाग केला. त्याच्या शौर्याची कीर्ती येथून सुरू होते. त्याच आकाशाखाली चिनी शहरे जळत होती, हेही त्याच कथेचा भाग आहे.

८/
१९४० मध्ये जपानी नौदलाला नवे विमान मिळाले. ते वर्ष जपानी राजवंशाच्या परंपरागत कालगणनेत २६०० वे. शेवटच्या शून्यावरून विमानाला ‘प्रकार शून्य’ असे नाव पडले आणि जगाने त्याला ‘झीरो’ म्हटले. मित्सुबिशीचे अभियंते जिरो होरिकोशी यांनी ते रचले. विमानाखाली जादा टाकी लावली की ते ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापू शके. वळण्यात आणि चढण्यात तेव्हाचे क्वचितच एखादे विमान त्याची बरोबरी करी. १३ सप्टेंबर १९४० रोजी चोंगछिंगवर १३ झीरोंनी आपले एकही विमान न गमावता चिनी हवाई दलाची दाणादाण उडवली.

९/
एवढे गुण एका हजारभर अश्वशक्तीच्या इंजिनात कसे बसले? वजन छाटून. वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा नव्हता. गोळी लागल्यावर आपोआप भोक बुजवणाऱ्या इंधनटाक्या नव्हत्या. रेडिओ इतका कुचकामी होता की अनेकांनी तो काढूनच टाकला. साकाईने तर वजन आणि वाऱ्याचा रोध कमी व्हावा म्हणून त्याचा लाकडी खांबही कापला. झीरो म्हणजे ढालीशिवायची तलवार होती. हात कसलेला असेपर्यंत तिला तोड नव्हती. हात नवखा असला की ती चालवणाऱ्याच्याच जिवावर उठे.

१०/
८ डिसेंबर १९४१. साकाई आता फॉर्मोसा बेटावरील ताइनान हवाई तुकडीत होता. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन काही तास उलटले होते, परंतु धुक्यामुळे फॉर्मोसातील विमाने जमिनीवरच अडकली. अमेरिकन आपल्यावर आधी तुटून पडतील, ही धास्ती प्रत्येकाला होती. अखेर उड्डाण झाले. फिलिपिन्समधील क्लार्क तळावर पोहोचल्यावर जपान्यांना डोळ्यांवर विश्वास बसेना. अमेरिकन विमाने ओळीने जमिनीवर उभी होती. काही तासांत फिलिपिन्समधील अमेरिकन हवाई शक्तीचे कंबरडे मोडले.

११/
दोन दिवसांनी, १० डिसेंबरला, कॅप्टन कॉलिन केली याच्या बी-१७ विमानावर झीरोंनी हल्ला केला. त्या वैमानिकांत साकाई होता. चार इंजिनांचे, तोफांनी भरलेले हे ‘उडते किल्ले’ पाडता येत नाहीत अशी समजूत होती, आणि ते खरोखरच सहजी पडले नाही. आपले सहकारी उडी मारून बाहेर पडेपर्यंत केलीने विमान सावरून धरले आणि स्वतःचा प्राण गमावला. अमेरिकेत तो युद्धाचा पहिला मोठा नायक ठरला. एकाच चकमकीतून दोन्ही देशांच्या दंतकथांचा आरंभ झाला.

१२/
डच ईस्ट इंडीजची मोहीम आटोपून एप्रिल १९४२ मध्ये ताइनान तुकडीतील वैमानिक न्यू गिनीतील ला-ए येथे आले. १९३७ मध्ये विश्वप्रदक्षिणेला निघालेली अमेलिया इअरहार्ट शेवटची उडाली ती याच धावपट्टीवरून. समोर ओवेन स्टॅन्ली पर्वताची भिंत आणि तिच्या पलीकडे मित्रराष्ट्रांचा पोर्ट मोर्सबी तळ. रोज भिंत ओलांडायची, लढायचे, परत यायचे. रात्री शत्रूचे बॉम्ब आणि डास. मलेरिया, अपुरे अन्न आणि तुटलेली झोप यांची सोबत कायमची होती.

१३/
येथे साकाईला दोन जिवलग सोबती मिळाले. हिरोयोशी निशिझावा हा उंच, फिकट, अबोल. ला-एच्या काळात अनेकदा आजारी, पण विमानात बसला की त्याला आवरणारा कोणी नसे. तोशिओ ओता हा मनमिळाऊ. त्यांचा पथकप्रमुख लेफ्टनंट जुनिची सासाई हा नौदल अकादमीतून आलेला तरुण अधिकारी होता. साकाईने त्याला हवाई युद्धाचे धडे दिले. पदाने वरिष्ठ असलेला शिष्य आणि कनिष्ठ असलेला गुरू, असे ते नाते. सासाईने हाताखालच्यांच्या आजारपणात स्वतः शुश्रूषा केल्याचे साकाई आयुष्यभर विसरला नाही.

१४/
सासाईचे वागणे लक्षात राहिले, कारण ते अपवाद होते. जपानी नौदलात अधिकारी आणि साधे सैनिक यांच्यामध्ये भिंत होती. एकाच लढाईतून परतलेल्या दोघांची राहण्याची जागा वेगळी, जेवण वेगळे, मान वेगळा. अकादमीतून आलेला नवखा अधिकारी केवळ हुद्द्यामुळे तुकडीचे नेतृत्व करी आणि शेकडो तास लढलेला खलाशी-वैमानिक मागून चाले. या व्यवस्थेवर साकाईने पुढे सडकून टीका केली. त्याच्या मते अनेक चांगले वैमानिक शत्रूपेक्षा या उतरंडीने मारले.

१५/
ला-एच्या दिवसांतील एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. मे १९४२ मध्ये साकाई, निशिझावा आणि ओता यांनी पोर्ट मोर्सबीवर शत्रूच्या डोळ्यांदेखत विमानांच्या कोलांट्या घेतल्या, आणि शत्रूने पुढे चिठ्ठी टाकून ‘पुन्हा या’ असे आव्हान दिले, अशी ती कथा. मित्रराष्ट्रांच्या नोंदींत तिला आधार मिळत नसल्याने अनेक अभ्यासक तिच्याकडे संशयाने पाहतात. शूर माणसाभोवती रंजक कथा जमा होतात, त्यात नवल नाही. इतिहास वाचणाऱ्याने मात्र कथा आणि नोंद यांचे कप्पे वेगळे ठेवावेत.

१६/
७ ऑगस्टच्या सकाळी अमेरिकन मरीन सैनिक ग्वाडलकनाल बेटावर उतरले. राबाउलमध्ये २७ बॉम्बफेकी विमाने न्यू गिनीच्या मोहिमेसाठी सज्ज होती. त्यांतील बॉम्ब उतरवून जहाजांविरुद्ध उपयोगी पडणारे टॉर्पेडो बसवायलाही वेळ नव्हता. आहे तशीच ती ग्वाडलकनालकडे वळवण्यात आली. सोबत १८ झीरो. एवढ्या अंतरावर जाऊन लढणे आणि परत येणे एकआसनी लढाऊ विमानांकडून तोवर क्वचितच अपेक्षिले गेले होते. ज्या लांब पल्ल्याचा जपानला अभिमान होता, त्यानेच हा अघोरी हुकूम शक्य केला.

१७/
ग्वाडलकनालवर साकाईची गाठ पडली अमेरिकन लेफ्टनंट जेम्स सदरलँडच्या वाइल्डकॅट विमानाशी. सदरलँडच्या बंदुका बंद पडल्या होत्या, तरीही तो एकटा अनेक झीरोंना झुलवत होता. साकाईने त्याच्यावर शेकडो गोळ्या झाडल्या; वाइल्डकॅट उडतच राहिले. अशा माऱ्यात झीरोने केव्हाच पेट घेतला असता, हे साकाईच्या मनात आल्याशिवाय राहिले नाही. शेवटी तोफेचा मारा करून त्याने ते पाडले. सदरलँडने हवाई छत्रीने उडी घेतली, जखमी अवस्थेत जंगल तुडवले आणि स्थानिक लोकांच्या मदतीने तो वाचला. १९९८ मध्ये त्याच्या विमानाचे अवशेष बेटावर सापडले.

१८/
यानंतर साकाईने एक डाइव्ह बॉम्बर पाडले आणि थोड्याच वेळात आणखी आठ विमानांचा थवा त्याच्या नजरेस पडला. त्याला ती वाइल्डकॅट वाटली. वाइल्डकॅटला मागच्या बाजूस बंदूक नसते, म्हणून तो निर्धास्तपणे मागून, खालून चाल करून गेला. अगदी जवळ पोहोचल्यावर त्याला चूक उमगली. ती डॉन्टलेस डाइव्ह बॉम्बर होती आणि प्रत्येकीच्या शेपटीकडे तोंड करून जोडबंदूक घेतलेला गोलंदाज बसला होता. माघार घ्यायला वेळ नव्हता. दोन्ही बाजूंनी एकदमच गोळ्या सुटल्या.

१९/
गोळीने कवटीला चाटून खोल चर पाडला आणि काचेचे तुकडे डोळ्यांत घुसले. विमान समुद्राकडे कोसळू लागले. वाऱ्याच्या झोताने शुद्ध आली तेव्हा साकाईला काहीच दिसत नव्हते. रक्त आणि अश्रू यांनी डावा डोळा धुऊन निघाल्यावर उपकरणे अंधुक दिसू लागली. गळ्यातील रेशमी रुमाल त्याने शिरस्त्राणाखाली जखमेत दाबला. आपण मरणारच, तर एखाद्या जहाजावर कोसळून मरावे असेही त्याच्या मनात आले. पण जहाज दिसले नाही. झोप येऊ लागली की तो जखमेवर बुक्की मारून स्वतःला जागे करी. विमान मध्येच उलटे झालेलेही त्याला उशिरा कळे.

२०/
राबाउल आले तेव्हा टाकीत इंधन जवळजवळ उरले नव्हते. घिरट्या घालून त्याने अंदाज घेतला आणि विमान टेकवले. तशाही अवस्थेत त्याने आधी मोहिमेचा अहवाल देण्याचा हट्ट धरला. मग निशिझावाने त्याला दवाखान्यात पोहोचवले. जपानमध्ये योकोसुका येथे त्याच्या डोळ्यावर झालेली शस्त्रक्रिया भूल न देता झाली. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली ती परत आलीच नाही. वय अवघे सव्वीस.

२१/
जखमेने साकाईला युद्धापासून दूर नेले आणि बहुधा म्हणूनच तो जगला. २६ ऑगस्टला सासाई ग्वाडलकनालवर मारला गेला. २१ ऑक्टोबरला ओता गेला. एका पाठोपाठ ताइनान तुकडी रिकामी होत गेली. अमेरिकन नौदल आपल्या अनुभवी वैमानिकांना ठरावीक काळानंतर मायदेशी बोलावून त्यांच्याकडून नव्यांना शिकवून घेई. जपानी वैमानिक मात्र मरेपर्यंत, जखमी होईपर्यंत किंवा आजाराने खचेपर्यंत आघाडीवरच राहत. त्यांच्यासोबत त्यांचे ज्ञानही समुद्राच्या तळाशी जाई.

२२/
एक डोळा गमावलेल्या साकाईकडे प्रशिक्षकाचे काम आले. समोरची मुले पाहून तो हबकला. ज्यांना त्याच्या काळात पहिल्याच आठवड्यात घरी पाठवले असते, ते आता आघाडीवर जाणार होते. शिकवण्याचा वेळ कमी, इंधन कमी, अनुभवी शिक्षक कमी. १९३७ ची गाळणी काढून टाकली गेली होती, पण गाळणीशिवाय मोठ्या संख्येने चांगले वैमानिक घडवण्याची व्यवस्था नौदलाने उभारलीच नव्हती. पाच वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न आता पुढे उभा ठाकला होता.

२३/
शत्रू मात्र बदलला होता. १९४२ च्या उन्हाळ्यात अल्यूशियन बेटांवर जवळजवळ धडधाकट स्थितीत सापडलेला झीरो अमेरिकनांनी दुरुस्त करून उडवून पाहिला आणि त्याच्या उणिवा नेमक्या हेरल्या. वाइल्डकॅटच्या वैमानिकांनी जोडीने एकमेकांचा मार्ग छेदत लढण्याचा डाव बसवला. १९४३ मध्ये हेलकॅट आले. दुप्पट ताकदीचे इंजिन, चिलखत, अधिक वेग. झीरोतही सुधारणा झाल्या, तरी मूळचे ते १९४० चेच विमान राहिले.

२४/
जून १९४४. वैमानिकांचा तुटवडा इतका की एकाक्ष साकाईला पुन्हा लढाईवर, इवो जिमा बेटावर, पाठवण्यात आले. २४ जूनच्या चकमकीत समोरची विमाने आपली समजून तो त्यांच्यात मिसळायला गेला; ती हेलकॅट होती. उजवीकडे काहीच दिसत नसताना, त्याच्या सांगण्यानुसार, १५ हेलकॅटच्या गराड्यातून तो वळणे घेत घेत निसटला. त्याने कोणाला हरवले नव्हते. केवळ स्वतःला मरू दिले नव्हते. त्या दिवशी इवो जिमावर परत न आलेल्या नवख्या वैमानिकांची संख्या पाहता तेही असामान्यच होते.

२५/
जुलैच्या आरंभी त्याला वेगळाच हुकूम मिळाला. उरलेल्या मूठभर विमानांनी अमेरिकन ताफ्यावर जायचे, वाटेत हवाई युद्ध करायचे नाही, थेट विमानवाहू नौकांवर आदळायचे. कामिकाझे पथके अधिकृतपणे उभी राहण्यास अजून तीन महिने होते. ताफा दिसण्यापूर्वीच हेलकॅटनी थव्याला गाठले आणि टॉर्पेडो विमाने एकेक करून पेटली. साकाईने आपल्या दोन साथीदारांसह लढत वाट काढली. लक्ष्य सापडेना, अंधार पडत चालला. त्याने विमान वळवले आणि दोघांना घेऊन रात्रीच्या अंधारात इवो जिमावर परतला. ‘मेलेच पाहिजे’ असा हुकूम असताना परत येण्याचा निर्णय त्याला सोपा गेला नाही, हे त्याच्या आठवणींतून स्पष्ट दिसते.

२६/
निशिझावाच्या वाट्याला याची दुसरी बाजू आली. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी लेफ्टनंट युकिओ सेकी याच्या कामिकाझे पथकाला त्याने संरक्षण देत लक्ष्यापर्यंत नेले. अमेरिकेची ‘सेंट लो’ ही विमानवाहू नौका त्या दिवशी बुडाली. दुसऱ्याच दिवशी तो नवी विमाने आणण्यासाठी एका वाहतूक विमानातून प्रवासी म्हणून निघाला. मिंडोरो बेटावर हेलकॅटनी ते विमान पाडले. आकाशात ज्याला कोणी हरवू शकणार नाही असे सोबती म्हणत, तो हातात सुकाणू नसताना गेला. वय चोवीस.

२७/
साकाईने युद्धाचा शेवट योकोसुका येथे पाहिला. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटाने शरणागतीची घोषणा केली. तरीही त्यानंतरच्या दिवसांत टोकियोवर छायाचित्रे घेण्यासाठी आलेल्या अमेरिकन बी-३२ विमानांवर जपानी वैमानिकांनी हल्ले केले. १८ ऑगस्टच्या हल्ल्यात विशी नुकतीच गाठलेला अँथनी मार्किओनी हा अमेरिकन सैनिक मारला गेला. या हल्ल्यांत आपणही उडालो होतो, असे साकाईने पुढे सांगितले. पराक्रमाच्या यादीत हे पान सहसा वगळले जाते. संपलेल्या युद्धात गेलेला तो जीव विसरणे न्याय्य नाही.

२८/
शांततेचे दिवस साकाईला कठीण गेले. माजी सैनिकांना नोकरी मिळणे अवघड होते. गरिबीतच १९४७ मध्ये पत्नी हात्सुयो वारली. पुढे त्याने छापखाना काढला, दुसरा विवाह केला, बौद्ध धर्माकडे वळला आणि यापुढे डासही मारणार नाही असे तो म्हणू लागला. युद्ध सुरू करणाऱ्या आणि हजारो तरुणांना मृत्यूच्या तोंडी देणाऱ्या वरिष्ठांनी जबाबदारी टाळली, हे तो उघडपणे बोले. माजी लष्करी वर्तुळात ते अनेकांना रुचले नाही.

२९/
आता त्या आकड्याकडे. मार्टिन केडिन आणि फ्रेड साइतो यांच्या सहलेखनाने १९५७ मध्ये साकाईचे ‘सामुराई’ हे आत्मकथन इंग्रजीत आले आणि ६४ हा आकडा जगभर पसरला. दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांचा अंदाज त्याच्या निम्म्याहून कमी भरतो. यात एकट्या साकाईची फसवेगिरी पाहणे चुकीचे ठरेल. ७ ऑगस्ट १९४२ च्या लढाईत जपानी वैमानिकांनी चाळीसहून अधिक विमाने पाडल्याचे सांगितले. अमेरिकनांची प्रत्यक्षात नऊ वाइल्डकॅट आणि एक डाइव्ह बॉम्बर पडले. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात, ते धूर सोडत ढगात शिरते आणि तिघेही परतून ‘एक’ सांगतात. अमेरिकनांचे आकडेही असेच फुगत.

३०/
साकाई स्वतः वेगळा हिशेब सांगे. आपल्या मागे उडणाऱ्या साथीदाराला आपण कधी गमावले नाही, याचा त्याला सर्वाधिक अभिमान होता. १९८० च्या दशकात अमेरिकेत तो हॅरल्ड जोन्सला भेटला. ग्वाडलकनालवर ज्या डॉन्टलेस विमानांवर साकाई चाल करून गेला, त्यांपैकी एकात मागच्या बंदुकीवर बसलेला तो गोलंदाज. दोन म्हातारे जुन्या आठवणी काढत शेजारी बसले. फुटलेली काच लागलेले जुने शिरस्त्राणही साकाईने जपून ठेवले होते.

३१/
२२ सप्टेंबर २००० रोजी आत्सुगी येथील अमेरिकन नौदल तळावर एका भोजन समारंभाला साकाई पाहुणा म्हणून गेला होता. टेबलापलीकडील अमेरिकन अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी त्याचे निधन झाले. वय चौऱ्याऐंशी. सासाई, ओता आणि निशिझावा यांतल्या कोणीही तिशी पाहिली नव्हती.

३२/
चौसष्ट की अठ्ठावीस, हा वाद अभ्यासकांत चालत राहील. साकाईच्या आयुष्यातून दिसणारी गोष्ट त्याहून पक्की आहे. जपानी नौदलाने मोजक्या हातांत अजोड तलवार दिली, त्या हातांना विश्रांती दिली नाही, त्यांचे ज्ञान पुढे सोपवू दिले नाही आणि शेवटी त्यांना मरण्याचा हुकूम दिला. १९४२ मध्ये हजार किलोमीटर एका डोळ्याने परत आलेला आणि १९४४ मध्ये मरणाच्या हुकुमावरून साथीदारांना घेऊन माघारी फिरलेला, हा एकच माणूस होता. पहिल्या प्रसंगासाठी त्याला कीर्ती मिळाली. दुसऱ्या प्रसंगाचे मोल त्याच्यासोबत परत आलेल्या त्या दोघांनाच ठाऊक.